तारा कोणत्या, हा तिसरा प्रश्न

या वेळी दातांच्या तारांवरची पत्रं एकत्र घेतली आहेत. गेल्या तीन महिन्यांत अशी बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो: धातूच्या, सिरॅमिकच्या, आतल्या बाजूने लावायच्या, की दातांवर बसणाऱ्या पारदर्शक टोप्या, म्हणजे अलाइनर? मी ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणून बावीस वर्षं हेच काम करते आहे, आणि चाळिशी उलटल्यावर स्वतःही दहा महिने अलाइनर वापरले आहेत. त्यामुळे खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिलं ते सांगते. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्या पत्रांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिचे वरचे पुढचे दात बरेच पुढे आलेत आणि डावा सुळा वर चढलाय. तीन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी धातूच्या तारा सांगितल्या, दुसऱ्यांनी सिरॅमिकच्या, तिसऱ्यांनी अलाइनर. त्यातले एक म्हणाले, दात काढावे लागतील. मुलगी म्हणते, दिसणाऱ्या तारा लावल्या तर मी शाळेतच जाणार नाही. फोटोत ती ओठ घट्ट मिटून उभी राहते, हसताना तोंडावर हात घेते. आम्ही काय निवडावं? – एक आई

उत्तर: ताई, तिघांनी तीन उत्तरं दिली म्हणजे त्यातले दोघे चुकले असं लगेच धरू नका. पण तिघांनीही तुम्हाला वस्तूचं नाव सांगितलं. मुलीचे दात कुठून कुठे न्यायचे आहेत, हे कुणी सांगितल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला खटकलं ते हेच.

तारा कोणत्या, हा माझ्या लेखी तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, कोणता दात कुठे न्यायचा आणि त्याला जागा कुठून मिळणार. दुसरा, रोजची मेहनत कोण घेणार आणि त्याला ती झेपणार का. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तिसऱ्याचं बरंचसं आपोआप ठरतं.

दात हलतो तरी कसा, ते आधी सांगते. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पदर असतो, पाव मिलीमीटरपेक्षाही पातळ. दातावर हलका पण सततचा जोर आला की ज्या बाजूला हा पदर दाबला जातो तिथलं हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवं हाड भरणाऱ्या पेशी. अशी वाट करत करत दात सरकतो, साधारण महिन्याला एक मिलीमीटर. जोर दुप्पट केला म्हणून तो दुप्पट वेगाने धावत नाही. पदरातला रक्तपुरवठा दाबला जातो, दात काही दिवस अडून बसतो आणि मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. आपल्याला ढकलतंय ते स्टील आहे की प्लॅस्टिक, हे दाताला कळत नाही. त्याला कळतो फक्त जोर: किती, कुठल्या दिशेने आणि किती तास.

आता तुमच्या मुलीबद्दल. पुढे आलेले दात दोन कारणांनी पुढे दिसतात. कधी वरचे दातच पुढे झुकलेले असतात, तर कधी दात जागेवर असतात आणि खालचा जबडा मागे राहिलेला असतो. आरशात दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर, ज्याला सेफॅलोग्राम म्हणतात. तो काढला होता का, हे तिन्ही डॉक्टरांना विचारा. जबडा मागे असेल तर वय फार मोलाचं असतं, कारण वाढीच्या भरात असलेल्या मुलांना ट्विन ब्लॉकसारखं काढता-घालता येणारं साधन देऊन खालचा जबडा पुढे ठेवायची सवय लावता येते आणि पुढचं काम हलकं होतं. हे साधन स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली तयार केलं. मुलींच्या वाढीचा हा भर मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येतो, म्हणजे तेराव्या वर्षी तो ओसरायला लागलेला असू शकतो. गेल्या वर्षभरात तिची उंची किती वाढली, पाळी सुरू झाली का, हे डॉक्टरांना सांगा. या गोष्टी तुमच्याइतक्या नेमक्या दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

सुळा वर चढलाय म्हणजे त्याला खाली यायला जागा नव्हती. वरचा सुळा अकरा-बारा वर्षांच्या सुमारास येतो, शेजारचे दात आपापल्या जागा धरून बसल्यावर. त्याच्यासाठी जागा करायची तर कमान थोडी रुंद करायची, दाढा मागे सरकवायच्या, दातांच्या कडा अगदी थोड्या घासायच्या, किंवा सुळ्यामागची छोटी दाढ काढायची. दात काढण्याच्या नावाने बहुतेक आयांच्या पोटात गोळा येतो, ते मी रोज बघते. पण तुमच्या मुलीचे दात दाटीही करून आहेत आणि पुढेही आहेत. पुढचे दात मागे न्यायचे तर मागे रिकामी जागा लागणार. तेव्हा ‘काढायचे की नाही’ या वादात पडू नका. ‘किती मिलीमीटर जागा हवी आहे आणि ती कुठून आणणार?’ असं विचारा. याचं उत्तर आकड्यात देणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास बसतो.

वर चढलेला सुळा खाली ओढणं हे अलाइनरचं अवघड काम. अलाइनर म्हणजे दातांवर बसणारी पातळ पारदर्शक टोपी. ती दाताला चांगलं ढकलू शकते, पण गुळगुळीत, निमुळता सुळा धरून खाली ओढताना तिची पकड सुटते. दातावर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवून पकड वाढवतात, तरीही छोट्या दाढा काढल्यानंतरची जागा मुळासकट सरळ बंद करणं आणि सुळा खाली आणणं ही दोन्ही कामं एकाच वेळी असतील तर मी दातावर चिकटवायच्या ब्रॅकेटकडे वळते, म्हणजे ज्यातून तार ओवतात त्या छोट्या चौकोनी तुकड्याकडे. शिवाय अलाइनर दिवसातले २० ते २२ तास तोंडात हवा. तेरा वर्षांची काही मुलं हे चोख करतात, काहींचा अलाइनर आठवड्यातून दोनदा डब्यातच राहतो. तुमची मुलगी यातली कोणती, हे तुम्ही जाणता.

राहिला प्रश्न धातू की सिरॅमिक. धातूचा ब्रॅकेट स्टीलचा, लहान आणि चिवट. सिरॅमिकचा ब्रॅकेट ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, दाताच्या रंगात मिसळणारा. तो आकाराने जरा मोठा, ठिसूळ, आणि तार त्यातून सरकताना घर्षण जास्त. म्हणून सिरॅमिकमध्ये जागा बंद व्हायला काही वेळा थोडा जास्त वेळ लागतो. काढतानाही जपावं लागतं. हे फरक खरे आहेत, पण एवढ्यासाठी सिरॅमिक नाकारावं असं मी म्हणणार नाही.

एका बाबतीत मात्र मी हट्टाने नाही म्हणते. सिरॅमिक हे दातावरच्या इनॅमलपेक्षा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कवचापेक्षा, कठीण असतं. माझ्या कामाच्या चौथ्या वर्षी एका सोळा वर्षांच्या मुलाने वर-खाली दोन्हीकडे सिरॅमिकच हवं असा आग्रह धरला आणि मी ऐकलं. त्याचे वरचे दात खालच्यांवर खोल चावत होते. दोन महिन्यांनी तो आला तेव्हा वरच्या पटाशीच्या एका दाताची कड खालच्या ब्रॅकेटवर घासून चपटी झाली होती. झिजलेलं इनॅमल परत येत नाही. त्याच दिवशी खालचे ब्रॅकेट काढून धातूचे लावले, दाताची कड भरून दिली, आणि त्याच्या वडिलांना ही माझी चूक आहे असं सांगितलं. तेव्हापासून चावा खोल असेल तर खालच्या पुढच्या दातांवर मी सिरॅमिक लावत नाही. तुमच्या मुलीचा चावा खोल आहे का, तेही विचारून घ्या. तसा असेल तर एक चांगली तडजोड आहे: वरच्या पुढच्या सहा दातांना सिरॅमिक, बाकी सगळीकडे धातू. बोलताना-हसताना दिसतात ते मुख्यतः हेच सहा.

सिरॅमिकच्या तारा पिवळ्या पडतात अशी तक्रार ऐकली असेल. ब्रॅकेट फारसा डागळत नाही. डागळतात त्या तार बांधणाऱ्या पारदर्शक रबरी कड्या, गडद रंगाच्या खाण्यापिण्याने. त्या दर भेटीला बदलतात. आणखी एक, मुलीला खोट्या दागिन्यांनी कानाला किंवा मनगटाला खाज येत असेल तर ती निकेलची ॲलर्जी असू शकते, आणि स्टीलमध्ये व सुरुवातीच्या लवचीक तारांमध्ये निकेल असतं. तोंडात त्याचा त्रास क्वचितच होतो, तरी आधी सांगून ठेवा.

त्या लवचीक तारेचं मला अजून अप्रूप वाटतं. निकेल-टायटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत तयार झाला. जॉर्ज अँड्रीयासन यांनी १९७०च्या दशकात तो दातांसाठी आणला. वाकड्यातिकड्या दातांमधून ही तार नागमोडी ओवली तरी ती आपल्या मूळ कमानीकडे परत येऊ पाहते आणि दातांना हलकेच सोबत नेते. त्याआधी स्टीलच्या तारेला बाक देऊन देऊन हेच काम करावं लागायचं, आणि जोर बराच जास्त पडायचा. तुमच्या पिढीतल्या कुणी ‘तारा म्हणजे भयंकर दुखणं’ असं मुलीला सांगितलं असेल, तर तारा आता बदलल्या आहेत एवढं तिला सांगा.

ब्रॅकेटही साधा चौकोन नसतो. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी उपचार न घेतलेल्या, निसर्गतःच उत्तम जुळलेल्या १२० जणांच्या दातांचे साचे अभ्यासले आणि १९७२ साली त्यातली समान लक्षणं मांडली. त्या मोजमापांवरून प्रत्येक दाताच्या ब्रॅकेटमध्ये त्याचा कल आधीच कोरलेला असतो. म्हणून ब्रॅकेट अर्धा मिलीमीटर वर किंवा तिरका चिकटला तर दातही तसाच उभा राहतो, मग तो ब्रॅकेट धातूचा असो की सिरॅमिकचा. कोणता ब्रॅकेट यापेक्षा तो कोण चिकटवतं आणि दर चार ते आठ आठवड्यांनी कोण तपासतं, यावर निकाल जास्त अवलंबून असतो. उपचार मधेच दुसऱ्याकडे सोपवले जाणार नाहीत ना, हेही विचारून ठेवा.

आता थोडं तुमच्या लेकीशी बोलते. तिला हे वाचायला द्या.

बाळा, तुझा दात वर चढलाय यात तुझा काही दोष नाही, आणि तारा नको वाटणं यात लाजण्यासारखंही काही नाही. माझ्याकडे तुझ्याच वयाच्या मुली येतात. पहिले दहा-बारा दिवस त्यांना वाटतं की सगळे आपल्या तोंडाकडेच बघतायत. मग वर्गातलं लक्ष दुसरीकडे जातं आणि त्यांचंही. पहिले तीन-चार दिवस दात ठणकतील, चावताना जास्त. गालाला टोचलं तर डॉक्टर मेणाची छोटी कांडी देतात. त्याचा गोळा करून ब्रॅकेटवर दाबायचा. कडक आणि चिकट काही दातांनी तोडायचं नाही, कारण ब्रॅकेट सुटला की तुझेच आठवडे वाढतात. आणि ब्रश. ब्रॅकेटभोवती साका राहिला तर महिनाभरातसुद्धा इनॅमलवर खडूसारखा पांढरा डाग उमटायला लागतो, आणि तारा काढल्यावर सरळ दातांवर चौकटीसारखे डाग राहतात. म्हणून ब्रॅकेटच्या वरून, खालून आणि तारेखालून असा तीन बाजूंनी ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, आणि रात्री अजिबात सूट नाही. वरच्या सहा दातांना सिरॅमिक चालेल का हे तू स्वतः डॉक्टरांना विचार. दात तुझे आहेत, खुर्चीत तू बसणार आहेस, तेव्हा प्रश्नही तूच विचारायचे.

प्रश्न: मी एकतीस वर्षांची शिक्षिका आहे. दिवसाचे पाच तास बोलावं लागतं. खालच्या पुढच्या दातांची थोडी दाटी आणि वर एक छोटी फट, एवढंच आहे. बाहेरून दिसणाऱ्या तारा मला नको आहेत. आतल्या बाजूच्या तारा घेऊ की अलाइनर? – एक शिक्षिका

उत्तर: तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल, दाढा नीट जुळत असतील आणि हिरड्या निरोगी असतील, तर अलाइनर. थोडी दाटी आणि छोटी फट हे त्याचं अगदी हातखंडा काम.

आतल्या बाजूच्या तारा, म्हणजे लिंग्वल ब्रेसेस, जपानच्या किन्या फुजिता यांनी विकसित केल्या, आणि त्यामागची एक गरज मार्शल आर्ट्स खेळणाऱ्या रुग्णांची होती: तोंडावर फटका बसला की बाहेरच्या ब्रॅकेटने ओठ फाटायचे. पुढे न दिसण्यासाठी लोक त्या मागू लागले. त्या काढता येत नाहीत, त्यामुळे विसरण्याची सोय नाही, आणि अवघड केसेसही त्यांनी होतात. पण जीभ सतत त्यांना लागते. त, थ, द, न म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते, स म्हणताना जवळ जाते, आणि आपल्या मराठीत ‘चमचा’तला च ‘चिमटा’तल्या च पेक्षा दातांच्या किती जवळून येतो ते म्हणून बघा. सुरुवातीचे काही आठवडे हे उच्चार बोबडे होतात, जीभ सोलवटते. बहुतेकांना सवय होते. पण पाच तास वर्गात उभं राहून बोलणाऱ्या व्यक्तीने सुट्टीच्या सुरुवातीला तरी हे हाती घ्यावं. स्वच्छता कठीण, डॉक्टरांचं काम वेळखाऊ, आणि खर्च सगळ्या प्रकारांत बहुधा सर्वांत जास्त.

अलाइनरनेही पहिले दोन-तीन दिवस स जड येतो. मी स्वतः संध्याकाळी घरात मोठ्याने वाचायचे, चौथ्या दिवशी जीभ मोकळी झाली. त्या दहा महिन्यांनी मला जे शिकवलं ते वर्गात बसून कळलं नसतं. प्रत्येक ट्रे, म्हणजे अलाइनरची एक टोपी, दाताला साधारण पाव मिलीमीटर सरकवतो आणि आठवड्याने किंवा दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे येतो. नवा ट्रे रात्री झोपताना घालावा, पहिला ठणका झोपेत जातो. पाण्याखेरीज काहीही खाता-पिताना तो काढायचा, आणि परत घालण्याआधी दात घासायचे. म्हणजे मधल्या वेळेला सहज काही तोंडात टाकणं संपतं. दिवसातून चार वेळा काढला आणि दर वेळी पाऊण तास बाहेर राहिला, तर तीन तास गेले. २४ मधले २१ उरले, आणि तेवढ्यात जेमतेम जमतं. शाळेत मधल्या सुट्टीत ब्रश करायला जागा आणि दहा मिनिटं मिळतात का, हे आधी बघा. मिळत नसतील तर निदान खळखळून चूळ भरा. आणि ट्रे कागदी रुमालात गुंडाळू नका; सर्वांत जास्त ट्रे असेच कचऱ्यात जातात. तो डब्यातच ठेवा.

अलाइनरबरोबर दातांवर ते छोटे उंचवटे चिकटवावे लागतील, आणि कदाचित दातांमधल्या कडा कागदी पट्टीएवढ्या घासाव्या लागतील. ‘काहीच दिसत नाही, काहीच करावं लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ते पूर्ण खरं नाही. जवळून दिसतं, थोडं.

प्रश्न: सेल्फ-लायगेटिंग ब्रेसेसमुळे उपचार निम्म्या वेळात होतात आणि दुखत नाही, असं ऐकलं. खरं आहे का? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर: निम्म्या वेळात होत नाहीत. या ब्रॅकेटला तार धरायला रबरी कडी नसते, त्याचंच छोटं दार मिटतं. कडी नाही म्हणून साका कमी साठेल, तार मोकळी सरकेल, दात लवकर येतील, अशी ती कल्पना आहे. पण साध्या ब्रॅकेटशी समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्यांत एकूण कालावधीत आणि दुखण्यात म्हणण्यासारखा फरक दिसलेला नाही. खुर्चीत तार बदलायला काही मिनिटं कमी लागतात, ते मात्र खरं. ब्रॅकेट चांगला आहे, तुमचे डॉक्टर तो वापरण्यात सरावलेले असतील तर जरूर घ्या. घाईसाठी म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका.

प्रश्न: माझं वय ४६. गेल्या दोन वर्षांत वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली आणि एक दात थोडा खाली आला. ब्रश करताना कधीकधी रक्त येतं. घरीच साचा घेऊन पाठवला की कंपनी अलाइनर घरपोच देते, अशी जाहिरात पाहिली. दवाखान्याच्या फेऱ्या वाचतील. घेऊ का? – एक वाचक

उत्तर: नका घेऊ, कृपा करून. तुमचं पत्र मी या सगळ्यांत आधी बाजूला काढलं होतं.

लहानपणापासून असलेली फट वेगळी आणि चाळिशीनंतर नव्याने पडलेली फट वेगळी. दात सरकायला लागला, खाली उतरला आणि हिरडीतून रक्त येतं, म्हणजे बहुधा हिरडीखाली आजार आहे आणि दाताभोवतीचं हाड खचतंय. वर मी सांगितलं ना, दात हलतो तो हाड विरघळून आणि नव्याने भरून. हिरडीला सूज असताना त्याच दाताला ढकललं तर विरघळणं वेगाने होतं आणि भरणं होत नाही. सरळ दात मिळायच्या नादात दातच सैल व्हायची वेळ येते.

घरी घेतलेल्या साच्यात दातांचा दिसणारा भाग येतो. मुळं किती लांब आहेत, हाड किती उरलंय, हिरडीचा कप्पा किती खोल आहे, कुठे जुना दाह आहे का, यातलं काहीच येत नाही. त्यासाठी एक्स-रे हवा आणि प्रत्येक दाताभोवती बारीक खुणांची सळई घालून मोजणारा हात हवा. शिवाय उपचार फसले तर दाद कुणाकडे मागायची हाही प्रश्न आहे. अशी टपालाने अलाइनर देणारी अमेरिकेतली एक मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि कित्येक जण उपचारांच्या मध्यावर अडकले.

या आठवड्यात हिरडीच्या डॉक्टरांकडे जा, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे. मधुमेह तपासलेला नसेल तर रक्त तपासून घ्या, धूम्रपान करत असाल तर तेही लपवू नका. दोन्हींचा हिरड्यांशी जवळचा संबंध आहे. हिरड्या शांत झाल्या, रक्त थांबलं, काही महिने तसंच टिकलं, की मग फट बंद करण्याचं बघू. वयाची अडचण नाही. हाड कमी असलं तरी निरोगी असेल तर दात हलक्या जोराने सरकवता येतो, मग तो ब्रॅकेटने असो की अलाइनरने. क्रम मात्र उलटा करू नका. पत्रात तुम्ही ‘कधीकधी रक्त येतं’ हे शेवटी, जाता जाता लिहिलंय. डॉक्टरांना ते आधी सांगा.

प्रश्न: सोळाव्या वर्षी तारा काढल्या तेव्हा दात एकदम सुंदर होते. आता मी २४ वर्षांची आहे आणि खालचे दोन दात परत एकमेकांवर चढू लागलेत. दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर वर्षभर घातला, मग सुटला. माझे पैसे आणि दोन वर्षं वाया गेली का? – एक वाचक

उत्तर: वाया नाही गेली. पण ‘तारा काढल्या की संपलं’ असं तुला वाटू दिलं गेलं, याचं मला वाईट वाटतं, कारण हा भाग आम्ही डॉक्टरांनी पुरेशा ठामपणे सांगायचा असतो.

दात सरकून नव्या जागी आला तरी हिरडीतले लवचीक तंतू बरेच महिने ताणलेले राहतात आणि त्याला मागे ओढतात. आणि हे तंतू शांत झाल्यावरही, तारा कधीच न लावलेल्या माणसांचेसुद्धा खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटी करत जातात. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी रिटेनर थांबवून किमान दहा वर्षं झालेल्या ६५ जणांचे साचे तपासले आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडले. खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक टिकली होती अशांची संख्या एक तृतीयांशापेक्षाही कमी होती. तेव्हा तुझं जे झालं ते तू एकटीने केलेलं पाप नाही. माझेही खालचे दात असेच सरकले होते. तो माझा दहा महिन्यांचा अलाइनर त्यासाठीच होता.

थोडीच दाटी असेल तर काही महिन्यांचे अलाइनर किंवा फक्त पुढच्या दातांना ब्रॅकेट एवढ्यात काम होतं, पूर्ण दोन वर्षं लागत नाहीत. त्यानंतर खालच्या सहा दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवून घे. ती दिसत नाही, पण तिच्याखालून फ्लॉस ओवायला शिकावं लागतं, आणि एखाद्या दातावरून ती सुटली तर तो दात गुपचूप फिरतो, म्हणून वर्षातून एकदा तपासून घ्यायची. वर काढता-घालता येणारा रिटेनर, रात्री. किती वर्षं असं मला सगळे विचारतात. दात सरळ हवेत तोपर्यंत.

तुझा जुना रिटेनर कुठल्यातरी खणात असेल. तो शोध आणि धुऊन आज रात्री घालून बघ. थोडा घट्ट वाटला पण पूर्ण बसला, तर रोज रात्री घालायला लाग आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखव; कदाचित एवढ्यावरच भागेल. बसत नसेल, एखाद्या दातावर अधांतरी राहत असेल, तर दाबून बसवू नकोस. तो तसाच डब्यात ठेव आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर ने. दात किती आणि कुठे सरकले हे त्यावरून लगेच दिसतं.